शिक्षा वाढत गेली, पण तक्रार लिहून घेणारा कुठे आहे?

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक रकाना असतो: शाळा सोडण्याचे कारण. वीस वर्षांच्या नोकरीत मी त्या रकान्यात 'स्थलांतर' किंवा 'पालकांची विनंती' असे किती वेळा लिहिले, याचा हिशेब नाही. गेल्या वर्षी सहामाही परीक्षेच्या तोंडावर एक आई सहावीतल्या मुलीचा दाखला मागायला आली. "सर, पोरी का दाखला दे दो. अब वां नहीं जाना," एवढेच म्हणाली. मनगटावर काळेनिळे वळ होते, ओढणीने झाकलेले. मुलगी शेजारी खाली मान घालून उभी होती.

मी विचारले, पोलिसांत गेली होतीस का? गेली होती. दोनदा. पहिल्या वेळी ठाण्यातल्या साहेबांनी नवऱ्याला बोलावून दम दिला आणि दोघांना घरी पाठवले. दुसऱ्या वेळी मोहल्ल्यातले चार बुजुर्ग बसले, सुलह झाली, नवऱ्याने कान पकडले. महिनाभरात पुन्हा तेच. मी म्हटले, तक्रारीची प्रत आहे का? ती माझ्याकडे बघतच राहिली. दोन्ही वेळा कोणी काही लिहूनच घेतले नव्हते.

मी दाखल्यावर 'स्थलांतर' लिहिले आणि सही केली. म्हणजे तिची गोष्ट न लिहिणाऱ्यांच्या रांगेत मीही जाऊन बसलो.

हा लेख त्या न लिहिलेल्या कागदाबद्दल आहे. कौटुंबिक हिंसाचारावर सरकारला जाब विचारायचा तर सुरुवात तिथूनच करावी लागते. ज्याची नोंदच नाही, त्याचे उत्तर कोणाला द्यावे लागत नाही.

प्रश्न केवढा आहे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २५ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. चारपैकी एक. देशाचा आकडा २९ टक्क्यांच्या आसपास आहे. त्याच सर्वेक्षणातली दुसरी गोष्ट मला जास्त बोचते. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या देशभरातल्या स्त्रियांपैकी सुमारे ७७ टक्के स्त्रियांनी कोणाचीही मदत मागितली नाही आणि कोणाला सांगितलेही नाही.

तरीही २०२२ मध्ये देशात स्त्रियांविरुद्धच्या ४ लाख ४५ हजार गुन्ह्यांची नोंद झाली, त्यात नवरा आणि सासरच्यांनी केलेल्या छळाचे गुन्हे १ लाख ४० हजार, म्हणजे जवळजवळ एकतृतीयांश होते. बहुतेक बायका गप्प बसूनही हा आकडा सगळ्यांत वरचा आहे. खरा आकडा केवढा असेल, त्याचा अंदाज आपापल्या मोहल्ल्यावरून प्रत्येकाने करावा.

कायदा काय म्हणतो

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ मध्ये झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. दोन दशके होत आली. हा कायदा कोणत्याही एका धर्माचा नाही. हिंदू, मुस्लिम, बौद्ध, ख्रिश्चन, सगळ्यांना तो सारखाच लागू आहे. बायकोलाच नव्हे, तर आई, बहीण, मुलगी यांनाही तो उपयोगी आहे. मारहाण, शिवीगाळ, खर्चाला पैसे न देणे, घराबाहेर काढणे हे सगळे त्यात हिंसाचार म्हणून धरले आहे.

आपल्या लोकांना फारशी माहीत नसलेली एक गोष्ट इथे सांगतो. हा कायदा पहिल्या पायरीवर कोणाला तुरुंगात टाकत नाही. मॅजिस्ट्रेटकडे अर्ज केला की ते संरक्षणाचा आदेश देऊ शकतात, घरात राहण्याचा हक्क देऊ शकतात, खर्च आणि नुकसानभरपाई ठरवू शकतात, मुलांचा तात्पुरता ताबा देऊ शकतात. आदेश मोडला तर मात्र एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत ठेवावी आणि पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे कायद्यातच लिहिले आहे.

या सगळ्याची किल्ली आहे संरक्षण अधिकारी. बाईचे म्हणणे ऐकून 'कौटुंबिक घटना अहवाल' लिहायचा, तो मॅजिस्ट्रेट आणि पोलिसांकडे पाठवायचा, दवाखान्यात न्यायचे, निवारा मिळवून द्यायचा, मोफत वकिलाची सोय करायची, ही त्याची कामे आहेत. पोलिसांवरही जबाबदारी आहे. बाई ठाण्यात आली की तिला हे सगळे हक्क सांगणे कलम ५ प्रमाणे त्यांचे कर्तव्य आहे. 'जा, घरी नीट राहा' हे त्या कलमात कुठेही लिहिलेले नाही.

माझ्यासमोर उभ्या असलेल्या त्या आईने 'संरक्षण अधिकारी' हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, तोही दाखला घेताना. खरे सांगायचे तर तालुक्याचा संरक्षण अधिकारी कोण, हे मलाही त्या दिवशी सांगता आले नाही. बीएड झालेल्या माणसाची ही गत, मग तिचे काय? या कायद्याची माहिती लोकांपर्यंत पोचवणे ही कलम ११ प्रमाणे केंद्र आणि राज्य सरकारची जबाबदारी आहे.

सरकारने काय केले

सरकारने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. सरकारने कायदे पुष्कळ केले. १९८३ मध्ये छळाचे कलम ४९८ अ आले. २०१९ मध्ये एका दमात तलाक देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद देणारा कायदा आला. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यांसाठी फाशीपर्यंत शिक्षा सांगणारे शक्ती विधेयक मंजूर केले, ते कायदा झालेच नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि ४९८ अ चा मजकूर कलम ८५ आणि ८६ मध्ये गेला. शिक्षा तीच, तीन वर्षांपर्यंत.

२०१९ च्या कायद्यावर आपल्याकडे खूप बोलले गेले. एका बैठकीतला तलाक सुप्रीम कोर्टाने २२ ऑगस्ट २०१७ रोजीच रद्द ठरवला होता. ज्या शब्दाने निकाह तुटतच नाही, त्या शब्दासाठी तुरुंग कशाला, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे. त्या कायद्यात बाईच्या खर्चाची आणि मुलांच्या ताब्याची तरतूद आहे, हेही मान्य केले पाहिजे. पण जो नवरा तलाकचा शब्द न उच्चारता रोज रात्री हात उचलतो, त्याला तो कायदा शिवतही नाही. त्याच्या बायकोला लागतो तो २००५ चा कायदा, आणि त्या कायद्याला लागतो माणूस. संसदेत मुस्लिम बहिणींच्या नावाने तासन् तास भाषणे झाली. त्याच बहिणीचा अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्याच्या खुर्चीबद्दल मात्र अशी चर्चा झाली नाही.

कारण सोपे आहे. शिक्षा वाढवायला विधेयक लागते. खुर्ची भरायला पगार, गाडी, टायपिस्ट आणि दर महिन्याचा हिशेब लागतो. विधेयकाची बातमी होते. भरलेल्या खुर्चीची होत नाही.

दोन प्रकरणे, एकच जागा

नोव्हेंबर २०२० मध्ये वसई भागातल्या एका तरुणीने नालासोपाऱ्याच्या तुळींज पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. सोबत राहणारा मित्र मारतो, जिवे मारून तुकडे करण्याची धमकी देतो, असे त्यात होते. नंतर तिने पुढे कारवाई नको असे लिहून दिल्याचे पोलिसांनी सांगितले. प्रकरण बंद झाले. मे २०२२ मध्ये दिल्लीत तिचा खून झाला. तो कसा झाला ते साऱ्या देशाला माहीत आहे. आरोपी मुस्लिम होता. गुन्हा अमानुष होता, आणि आरोपीच्या नावामुळे त्याच्यासाठी आपल्या तोंडून एक शब्दही निघू नये.

तक्रारीचे पत्र बाहेर आल्यावर त्या वेळी कारवाई का झाली नाही याची चौकशी करू, असे गृहमंत्री देवेंद्र फडणवीस म्हणाले. पण १३ डिसेंबर २०२२ रोजी सरकारी निर्णय निघाला तो वेगळाच. मंत्री मंगलप्रभात लोढा यांच्या अध्यक्षतेखाली 'आंतरधर्मीय विवाह-कुटुंब समन्वय समिती' नेमली गेली. कोणाच्या विभागाने नेमली? महिला व बालविकास विभागाने. म्हणजे संरक्षण अधिकारी ज्या विभागाचे काम, त्याच विभागाने. फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची आणखी एक समिती आली, तथाकथित 'लव्ह जिहाद'वर कायदा कसा करता येईल हे पाहायला.

मारहाणीची तक्रार घेऊन आलेली मुलगी महिन्याभरात 'मला काही करायचे नाही' असे का लिहून देते? कोणाच्या दबावाखाली, कोणत्या भीतीने? तिच्यासोबत बसून हे विचारणारी व्यक्ती ठाण्यात होती का? या प्रश्नांसाठी समिती नेमली गेली नाही.

आता दुसरे प्रकरण. मे २०२५ मध्ये पुण्याजवळच्या मुळशी तालुक्यात एका राजकीय पुढाऱ्याच्या सुनेचा मृत्यू झाला. हुंडा आणि छळाचे आरोप झाले, सासरा आणि दीर काही दिवस फरार होते. मग कळले की त्याच घरातल्या मोठ्या सुनेने नोव्हेंबर २०२४ मध्येच पोलिसांत आणि राज्य महिला आयोगाकडे तक्रार केली होती. आयोगाने ती पुढे पोलिसांकडे पाठवल्याचे सांगितले. धाकटी सून त्यानंतर सहा महिने त्याच घरात होती.

या घरात ना आंतरधर्मीय विवाह, ना मुस्लिम आरोपी. तरीही कागद त्याच जागी अडला. तक्रार आली, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली, आणि 'पुढे काय झाले' हे विचारणे कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हते. ही दोन प्रकरणे शेजारी ठेवली की दिसते: आरोपीचा धर्म बदलला, ठाणे बदलले, साल बदलले, पण चूक तीच राहिली. सरकारने पहिल्या प्रकरणात धर्म पाहिला नसता आणि फाईल पाहिली असती, तर कदाचित दुसऱ्या घरातल्या तक्रारीकडे कोणी वेळेत पाहिले असते.

कोर्टाचे दोन निकाल

२० मे २०२५ रोजी न्यायमूर्ती नागरत्ना आणि न्यायमूर्ती शर्मा यांच्या सुप्रीम कोर्टाच्या खंडपीठाने सर्व राज्यांना आदेश दिला: जिथे संरक्षण अधिकारी नाहीत तिथे महिला व बालविकास विभागातील अधिकाऱ्यांना जिल्हा आणि तालुका पातळीवर सहा आठवड्यांत नेमा, निवारागृहे ठरवा, कायद्याचा प्रचार करा, बाईला मोफत कायदेशीर मदत मिळेल हे बघा. कायदा लागू होऊन अठरा वर्षे झाल्यावर कोर्टाला हे सांगावे लागले. याच खटल्यात आधी आलेल्या माहितीप्रमाणे जुलै २०२२ पर्यंत या कायद्याखालचे साडेचार लाखांहून अधिक अर्ज देशात प्रलंबित होते. साठ दिवसांचे वचन कुठल्या कुठे राहिले.

दोन महिन्यांनी, २२ जुलै २०२५ रोजी, दुसरा निकाल आला. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, म्हणजे आपल्या अमरावतीचेच, यांच्या खंडपीठाने अलाहाबाद उच्च न्यायालयाची जुनी मार्गदर्शक तत्त्वे कायम ठेवली. छळाच्या तक्रारीनंतर दोन महिने अटक नाही आणि दरम्यान प्रकरण कुटुंब कल्याण समितीकडे, असे त्यांचे सार आहे. खोट्या तक्रारीत म्हातारे सासू-सासरे, लग्न झालेल्या नणंदा ओढल्या जातात ही चिंता खोटी नाही, आपणही अशी उदाहरणे पाहिली आहेत. पण त्या दोन महिन्यांत खरी मार खाणारी बाई कुठे राहणार? याचे उत्तर २००५ च्या कायद्यातच आहे: संरक्षण आदेश आणि राहण्याचा हक्क. म्हणून अटक जितकी लांबेल, तितका संरक्षण अधिकारी जास्त गरजेचा होतो.

आणि अधिकाऱ्याने काम केले नाही तर? कायद्यात कामचुकार संरक्षण अधिकाऱ्यालाही एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. पण लगेच पुढच्या कलमात म्हटले आहे की राज्य सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय त्याच्यावर खटला नाही. पोलिसांचेही तसेच. बलात्कार, ॲसिड हल्ला अशा गुन्ह्यांची खबर न नोंदवणाऱ्या पोलिसाला २०१३ पासून शिक्षा आहे. त्या यादीत घरातल्या छळाचे कलम नाही. म्हणजे जाब विचारायचा कोणी, हे कायद्यानेच अर्धवट ठेवले.

जिथे काम झाले तिथे

हे सगळे आपल्या राज्यात जमणारच नाही असे मुळीच नाही. १९८४ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि मुंबई पोलिसांनी मिळून 'महिला व मुलांसाठी विशेष कक्ष' सुरू केला. पोलिसांच्याच आवारात समाजकार्य शिकलेली व्यक्ती बसवली. ती बाईचे ऐकते, लिहून घेते, पुन्हा फोन करून विचारते. पुढे सरकारने हे काम आपल्याकडे घेतले. २००० च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू झाले. 'जिन्यावरून पडले' म्हणून आलेल्या बाईला डॉक्टर तिथे पाठवू लागले. दोन्ही ठिकाणी चमत्कार काहीच नाही. एक खुर्ची, एक प्रशिक्षित माणूस, एक रजिस्टर. आपल्या इर्विनमध्ये, डफरीनमध्ये दुखापत घेऊन येणारी प्रत्येक बाई अशा खुर्चीपर्यंत पोचते का, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

आता आपल्याकडे

सरकारला जाब विचारताना आरसा झाकून चालणार नाही. त्या आईची दुसरी तक्रार आपल्याच चार बुजुर्गांनी मिटवली. नियत वाईट नव्हती. घर वाचावे, इज्जत राहावी, पोरांचे हाल होऊ नयेत. पण सुलहनंतर महिन्याने कोणी विचारायला गेले का? नवऱ्याने शब्द मोडला तर काय, हे ठरले होते का? 'भांड्याला भांडे लागतेच' म्हणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की मार खाणारे भांडे दर वेळी एकच असते. 'सबर कर' हा सल्ला फक्त बाईलाच देणे दीनच्या शिकवणीतही बसत नाही. घरच्यांशी कसा वागतो यावरून माणसाची पारख करायला आपल्याला लहानपणापासून शिकवले आहे.

आणखी एक भीती आहे, ती उघड बोलली पाहिजे. 'पोरगा एकदा ठाण्यात गेला की आपल्या नावाने काय होईल सांगता येत नाही.' ही भीती हवेतून आलेली नाही, वरच्या दोन समित्या पाहिल्या की तिचे कारण कळते. पण त्या भीतीची किंमत दर वेळी घरातल्या बाईनेच का द्यायची? २००५ चा कायदा इथेच कामाचा आहे, कारण तो आधी संरक्षण देतो, तुरुंग नंतर. आणि तलाक झालेल्या मुस्लिम बाईला साध्या फौजदारी कायद्याखाली नान-नफका मागता येतो, हे सुप्रीम कोर्टाने १० जुलै २०२४ रोजी पुन्हा स्पष्ट केले आहे.

विचारायचे काय, कोणाला

भाषणापेक्षा चार साधी कामे सुचवतो.

पहिले, माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाला विचारा: आमच्या तालुक्याचा संरक्षण अधिकारी कोण, तो पूर्णवेळ आहे की दुसऱ्या कामासोबत, तीन वर्षांत किती अहवाल लिहिले, किती अर्ज साठ दिवसांत निघाले? तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

दुसरे, ग्रामसभेआधी होणाऱ्या महिला सभेत ठराव मांडा की त्या अधिकाऱ्याचे नाव आणि नंबर ग्रामपंचायत, अंगणवाडी, शाळा आणि दवाखान्याच्या भिंतीवर लागावा. महिला हेल्पलाइन १८१, पोलिसांचा ११२ आणि मोफत कायदेशीर मदतीचा १५१०० हे नंबरही सोबत लावा. बाईला वकील फुकट मिळतो, तिथे उत्पन्नाची अट नाही.

तिसरे, ठाण्यात गेलात तर लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. घेत नसतील तर तीच तक्रार पोस्टाने पोलीस आयुक्तांकडे किंवा ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. तिथेही दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येते. बाईच गेली पाहिजे असेही नाही. हिंसाचार होतो आहे हे माहीत असलेला कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कोणती जबाबदारी येत नाही.

चौथे, मोहल्ल्यात सुलह करायचीच असेल तर ती लिहून करा. तारीख, अटी, दोघांच्या सह्या, आणि एक प्रत बाईच्या हातात. मारहाण झालेली असेल तर सुलहच्या आधी दवाखाना, आणि बैठकीत निदान दोन बायका.

कोणी म्हणेल, कागदाने मार थांबतो का? नाही थांबत. पण तिसऱ्या वेळी ती बाई कोर्टात उभी राहील तेव्हा तिच्या हातात पहिल्या दोन वेळांचा पुरावा असेल. आणि वर्षाअखेरीस कोणी तालुक्याचा हिशेब मागितला तर 'आमच्याकडे तक्रारच नाही' असे उत्तर देता येणार नाही.

ती मुलगी आता आजोळच्या गावात शिकते. मी माझे काम सुधारायचे ठरवले आहे. वर्ष मध्येच सोडून दाखला मागायला कोणी आई आली, तर आधी तिला पाणी देतो, बसवतो, आणि तिची हरकत नसेल तर सगळे कागदावर लिहून घेतो. दाखल्याचा रकाना लहान आहे, त्यात तेवढे मावत नाही. म्हणून वेगळी वही केली आहे. पहिल्या पानावर तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचे नाव आणि नंबर लिहायला जागा सोडली आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकला आहे. उत्तर आले की ती जागा भरेन.